महालातलं घर, लक्ष्मीनगरचं भाडं की मनीषनगरचा टू बीएचके?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही दोघं मूळचे नागपूरचे, आता न्यू जर्सीत, अमेरिकेचे नागरिक आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) कार्डधारक. नागपुरातल्या एका संस्थेतली १४ महिन्यांची मुलगी तुम्ही दत्तक घेताय आणि तिच्यासाठी नोव्हेंबरपासून तीनेक महिने इथे राहायचं आहे. पर्याय तीन आहेत. सासरचं महाल या जुन्या भागातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, लक्ष्मीनगरात महिना ३८,००० रुपये भाड्याचा सामानासकट फ्लॅट, नाहीतर "भाड्यात पैसे कशाला घालवायचे" म्हणून मनीषनगरात ६२ लाखांचा टू बीएचके विकतच घ्यायचा.

माझं मत आधीच सांगतो. भाड्याने राहा. फ्लॅट आत्ता घेऊ नका.

तुमच्या हातात पैसा आहे, तारखा नाहीत. सगळा हिशोब इथेच फिरतो. कारा या दत्तकासाठीच्या केंद्रीय प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र आलं की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होईपर्यंत बाळ तात्पुरतं तुमच्या सांभाळात देता येतं, पण ते भारतातच राहायला हवं. दत्तकाचे आदेश सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, तरी एखादा कागद अडला की मुक्काम लांबतो. मग जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. अमेरिकेची वकिलात नागपुरात नाही, म्हणजे व्हिसासाठी बाळाला घेऊन बाहेरगावी जाणं आलंच. त्यातली एकही तारीख आज पक्की नाही. अशा वेळी महिन्याला थोडे जास्त मोजावे लागले तरी चालेल, पण वाढवता येईल आणि सोडताही येईल अशीच जागा घ्यावी.

हॉटेलचा विचार तुम्ही केलेला नाही, ते बरंच झालं. ४,५०० रुपयांची खोली ५ टक्के जीएसटी धरून ९० रात्रींना सव्वाचार लाखांवर जाते. त्यात डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं. तेव्हा नागपुरात चांगली खोली मिळणं मुश्कील आणि मिळालीच तर भाव चढलेला. भाड्याचा फ्लॅट वीजबिल, कामवाली, इंटरनेट धरून तीन महिन्यांना दीड लाखाच्या आसपास बसेल. शिवाय रात्री दोनला बाळ उठलं तर पाणी उकळायला स्वतःचा गॅस असतो.

महालातलं घर फुकट पडेल, हे खरं. पण सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि लिफ्ट नाही, असं तुम्हीच लिहिलंय. नवी जागा, नवी माणसं, त्यात रोज भेटायला येणारे नातेवाईक, एवढं सगळं त्या लेकराच्या अंगावर एकदम पडू नये. पहिले काही आठवडे तिला तुमचीच सवय लागू द्या. आजोबांना जिना उतरणं जमू लागलं की आजी-आजोबांना गाडी पाठवून दुपारी फ्लॅटवर बोलवा. त्यांना वाईट वाटेल, हे मला कळतं. मिस्टरांनी स्वतः समजावून सांगितलं तर ते ऐकतील.

आता मनीषनगर. ६२ लाखांवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचेच चार-साडेचार लाख जातील. म्हणजे जे भाडं वाचवायला निघालात, त्याच्या तिप्पट पैसे पहिल्याच दिवशी गेले. वर पंखे, पडदे, स्वयंपाकघर, आणि तुम्ही परत गेलात की कुलूप. विकायला काढलात तर तुम्ही अनिवासी म्हणून घेणारा तुमच्या रकमेतून टीडीएस, म्हणजे कर आधीच, कापणार. नागपुरात घर हवंच असेल तर दोन वर्षांनी शांतपणे बघा. मांडीवर बाळ आणि डोक्यात जिल्हाधिकारी कार्यालय असताना साठ लाखांचा व्यवहार करू नये.

अमेरिकेतल्या कराचंही तुम्ही विचारलंय. दत्तकाच्या खर्चावर तिथे क्रेडिट, म्हणजे करात थेट वजावट, मिळते. २०२५ साठी त्याची मर्यादा एका मुलामागे १७,२८० डॉलर आहे. प्रवास, राहणं, जेवण त्यात धरतात, आणि परदेशातलं दत्तक असेल तर ते पूर्ण झालेल्या वर्षीच क्रेडिट मागता येतं. २०२५ साठीच, उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या पुढे गेलं की ते कमी होत जातं. मात्र "भाडं तर परत मिळणारच आहे" असं धरून चालू नका. एजन्सीची फी, होम स्टडी (दत्तक घेणाऱ्यांच्या घराची पाहणी), वकील आणि विमानाची तिकिटं यातच मर्यादा भरली, तर भाड्याचा एक डॉलरही वेगळा मिळायचा नाही. पावत्या तरी तुमच्याच नावाच्या घ्या आणि भाडं एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून) बँकेने द्या, रोख नको.

तुमच्या आकडेमोडीत एक मोठा खर्च आलेलाच नाही, तो म्हणजे बिनपगारी रजा. एफएमएलए या अमेरिकेतल्या रजेच्या कायद्याखाली तुमची नोकरी बसत असेल तर दत्तकासाठी १२ आठवडे मिळतात, प्रक्रियेसाठी करावा लागणारा प्रवासही त्यात येतो, पण पगार मिळत नाही. दोघांनी एकदमच रजा संपवली तर घरी गेल्यावर बाळाजवळ कोण राहणार? तुम्ही इथे थांबा. मिस्टरांनी सुरुवातीला तीन आठवडे यावं, परत जावं आणि व्हिसाच्या वेळी पुन्हा यावं. जास्तीचं तिकीट बुडालेल्या पगारापेक्षा स्वस्तच पडेल. दोघांनी कधी हजर राहणं आवश्यक आहे, ते मात्र संस्थेकडून लेखी घ्या. आणि आय-८०० ची (बाळाला अमेरिकेत नेण्यासाठीच्या अर्जाची) प्राथमिक मंजुरी व अमेरिकी दूतावासाचं पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. हा क्रम चुकला तर व्हिसाच अडकतो.

घरमालक अकरा महिन्यांचा करार पुढे करेल. तो करा, नोंदणीही करा, पण लॉक-इन (घर सोडता येत नाही ती मुदत) एकाच महिन्याचं आणि नोटीस पंधरा दिवसांची लिहून घ्या. त्यासाठी भाडं दोन हजारांनी वाढवून मागितलं तरी द्या. मालक स्वतः परदेशात राहणारा असेल तर भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून टोकन देण्याआधी तेवढं विचारा.

फ्लॅटसाठी बाजूला काढलेले २५ लाख सध्या तिकडच्या बचत खात्यातच असू द्या. त्यातले पाच लाख एनआरओला पाठवा. मुक्काम दोन महिने लांबला आणि तिकिटं बदलावी लागली तरी तेवढे पुरतील.