वाचकांचे प्रश्न : नवा बास हवा, की नव्या तारा?

नवरात्र जवळ आलं की बास गिटार वाजवणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं खरेदीची आहेत. त्यातली चार निवडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला प्रिसिजन धर्तीचा (फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलसारखा) बास आहे. गरब्याच्या ग्रुपमध्ये वाजवतो. रोज रात्री झोपण्याआधी व्हिडिओ बघतो आणि फेंडरचंच दुसरं मॉडेल, जाझ बास, घ्यावासा वाटतो. माझ्या बासचा आवाज त्यापुढे अगदी मेलेला वाटतो. काही ठिकाणी तार खडखडतेही. नवरात्राचा बयाणा हातात आला आहे, त्यातून लगेच घेऊन टाकू का? तारा घेतल्यापासून त्याच आहेत.
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसत जातो. आधी वरचे उपस्वर जातात, मग आस (स्वराचं रेंगाळणं) कमी होते, आणि शेवटी तार सुरातही नीट राहत नाही. चार वर्षांच्या अशा तारा चढवल्या तर कितीही महागाचा बास मेलेलाच वाजेल. फ्लॅटवाउंड, म्हणजे वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारांची गोष्ट वेगळी. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवरच्या फ्लॅटवाउंड तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. पण तो बंद, गोल आवाज त्यांना हवाच होता. तुम्हाला हवा आहे तो व्हिडिओतला चकचकीत आवाज.

तेव्हा पहिला खर्च तारांचा. लाँग स्केलचा .०४५ ते .१०५ इंच जाडीचा निकेल संच घ्या. एका वेळी एकच तार काढा, म्हणजे नेकवरचा (दांड्यावरचा) ताण एकदम सुटत नाही. खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर तार ठेवा, कापण्याच्या जागी आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सैल पडतं आणि ती तार कधीच नीट बोलत नाही. खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरेत. हे काम घटस्थापनेच्या तीन-चार दिवस आधी उरका. आदल्या रात्री बदललेल्या तारा मैदानावर ताणत राहतात आणि दर गाण्यानंतर सूर उतरतो.

आता खडखडाट. पावसाळ्याच्या दमट हवेत नेकचं लाकूड हलतं. कुठला नेक पुढे वाकतो, कुठला मागे. बास सुरात लावा. सगळ्यात जाड ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी, म्हणजे साधारण एक व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकमधल्या सळईच्या, नटाकडे तोंड करून ॲलन की घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि दर वेळी पुन्हा सूर लावून मोजायचं. की बरोबर मापाची हवी. सैल कीने नटाची भोकं गुळगुळीत होतात, आणि ती दुरुस्ती तारांच्या कितीतरी संचांएवढी महाग पडते. नट घट्ट लागला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

नेक जमला की सतराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा, दोन ते अडीच मिलिमीटर. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) नेकपासून मागे न्या, उतरा असेल तर पुढे. शेवटी पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाची, फट. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली सुमारे पावणेतीन मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक ‘जी’ तारेखाली दोन. याहून जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डुलायला लागतो.

तंबोरा बोलेनासा झाला तर आपण जवारी काढून घेतो, लगेच नवा तंबोरा आणायला निघत नाही. बासचा सेटअप म्हणजे त्याची जवारी आहे.

एवढं झाल्यावर थेट ऑडिओ इंटरफेसमधून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर निकाल लावू नका, ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे आणि फोन तो वाजवूच शकत नाही. व्हिडिओतल्या बासवर कॉम्प्रेसर आणि इक्वलायझर चढलेला असतो, तारा बहुधा कोऱ्या असतात, हेही लक्षात असू द्या.

तरीही जाझ बास हवासा वाटला तर तो काय देतो ते नेमकं समजून घ्या. नेकच्या वरच्या टोकाला, तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या नटपाशी, त्याचा नेक साधारण ३८ मिलिमीटरचा, प्रिसिजनचा ४१ ते ४४. दोन पिकअप, आणि त्यातल्या ब्रिजजवळच्या पिकअपचा तो घोगरा, पुढे येणारा आवाज. हात लहान असेल किंवा हाच आवाज एखाद्या गाण्याला हवा असेल तर मागणी रास्त आहे. एका कागदावर तारीख घालून एक वाक्य लिहा : माझ्या आजच्या बासवर मला काय वाजवता येत नाही? वाक्यात एखादं गाणं, पट्टी किंवा तान आली तर गरज खरी. नुसता रंग आणि मॉडेलचं नाव आलं तर शरद पौर्णिमा होऊ द्या आणि मग कागद पुन्हा वाचा. नवरात्राच्या तोंडावर तर घेऊच नका. अनोळखी नेकवर अंधारात बोट चुकतं, आणि नऊ रात्री रोज तीन-चार तास वाजवायचं असताना हाताला सवय करायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : मुलगा चोवीस वर्षांचा आहे, नोकरी लागून दोन वर्षं झाली. घरात चार बास आहेत, दोन तर पलंगाखाली पेटीतच. आता पाचवा हप्त्यावर घेतो म्हणतो. त्याचे मित्र याला ‘गॅस’ म्हणतात. हा काही आजार असतो का?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर : काकू, ‘गिअर ॲक्विझिशन सिंड्रोम’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून वादकांनी केलेलं ते नाव आहे, वैद्यकातलं नाही. ओढ मात्र खरी असते, म्हणून टोमण्यांनी ती जात नाही, लपून खरेदी सुरू होते. एका रविवारी त्याला चारही बास बाहेर काढायला सांगा आणि प्रत्येकावर एकच गाणं वाजवून दाखवायला लावा. तुम्ही समोर बसून ऐका. कुठले दोन सारखेच वाजतात ते त्याचं त्यालाच कळेल.

पेटीतले बास पावसाळ्यानंतर बघायलाच हवेत. तारा गंजतात, पेटीच्या अस्तराला बुरशी येते, आणि ॲक्टिव्ह बासमधली नऊ व्होल्टची बॅटरी आत राहून पाझरली तर सर्किट खाते. ॲक्टिव्ह बासची केबल खोचून ठेवली तरी बॅटरी उतरत राहते, हेही त्याला सांगा. मग घरात एक नियम ठरवा : आधी एक विकायचा, त्याचे पैसे हातात आल्यावरच नव्याचं बोलायचं. हप्ता नको. नव्या बासबरोबर पेटी, पट्टा, तारा आणि सेटअप यांचा खर्चही येतो, आणि हप्त्याच्या हिशेबात तो कुणी धरत नाही. तो उधारी करून घेत असेल किंवा किंमत खोटी सांगत असेल तर विषय वाद्याचा राहिलेला नाही. मग घरात सगळ्यांनी बसून पैशांबद्दल बोला, लागल्यास समुपदेशकाची मदत घ्या.

प्रश्न : आमची गायिका बरीच गाणी काळी दोनमध्ये, म्हणजे डी शार्पच्या पट्टीत, गाते. चार तारांवर मला खालचा सा मिळत नाही. पाच तारांचा बास घ्यावा का, की हाही हव्यासच?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : ही गरज खरी आहे. तुमच्या बासवर काळी दोनचा सर्वांत खालचा सा ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर येतो. त्याखालचा, ३८.९ हर्ट्झचा, ई तारेच्या अर्धा स्वर खाली राहतो. पाच तारांच्या बासवर तो बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो.

खरेदीआधी एक स्वस्त वाट करून पाहा. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा, म्हणजे मोकळी ई तारच काळी दोन होते. ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, तारा ढिल्या लागतात, म्हणून .०५० ते .११० चा जाड संच चढवा आणि ट्रस रॉड पुन्हा तपासा. बोटांच्या जागा मात्र एका फ्रेटने सरकतात, आठवडाभर गोंधळ होईल. पाच तारांच्या संचातली सगळ्यात बारीक ‘जी’ तार वगळून बी-ई-ए-डी असंही चढवता येतं, पण .१३० ची तार नटच्या खाचेत बसत नाही. खाच कोरावी लागते आणि मग जुनी ई तार तिथे हलते. जुना नट जपून ठेवा आणि नव्या नटमध्येच खाचा करून घ्या.

पाच तारांचा घ्यायचाच ठरला तर दुकानात बी तारेचा चौथा फ्रेट मोठ्या कॅबिनेटवर वाजवून बघा. स्वर स्पष्ट कळायला हवा, नुसती घरघर नको. उभं राहून, स्वतःच्या पट्ट्यावर, वीस मिनिटं वाजवा. गळ्यात अडकवून हात सोडल्यावर नेक खाली झुकत असेल तर तो बास घेऊ नका. डावा हात नेक सावरण्यातच थकेल.

प्रश्न : माझा १०० वॅटचा अँप गरब्याच्या मैदानावर ऐकू येत नाही. २०० वॅटचा घेतो आहे. शिवाय रोषणाई लागली की घूं असा आवाज येतो.
– एक वाचक, निझामपुरा

उत्तर : वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मैदान भरायचं काम साउंडवाल्याच्या स्पीकरचं आहे. डी.आय. बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) सरळ मिक्सरला लाइन द्या. पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) बासला ॲक्टिव्ह डी.आय. बरा. अँप फक्त तुमच्या कानासाठी आहे, तो खुर्चीवर चढवा, बेसची कळ थोडी मागे घ्या आणि २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातला मिड वाढवा. गर्दीत बास ऐकू येतो तो याच पट्ट्यामुळे. पैसे डी.आय. आणि चांगल्या केबलवर घाला.

घूं आवाजाची आधी जात ओळखा. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर आजूबाजूचे डिमर आणि एलईडीचे ट्रान्सफॉर्मर पिकअपमध्ये शिरत आहेत. थोडं वळून उभे राहा, बासची केबल लाइटच्या वायरींपासून लांब न्या. जाझ धर्तीच्या बासवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की बरीचशी घूं जाते. बासचा व्हॉल्यूम शून्य करूनही आवाज तसाच राहिला तर बहुधा ग्राउंड लूप (दोन ठिकाणी अर्थिंग जोडल्याने बनलेलं वर्तुळ) आहे, डी.आय.वरची ग्राउंड लिफ्टची कळ दाबा.

अर्थिंगची पिन काढून घूं घालवू नका, कुणी सुचवलं तरी. बासच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि ओठ माइकला लागतो. मंडपातल्या एका बोर्डाचं अर्थिंग सदोष असेल तर करंट तुमच्या अंगातून जाईल. साउंडचेकच्या वेळी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बासच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. काटा शून्याजवळ हवा. काही व्होल्टांच्या वर गेला तर बास गळ्यातून काढा आणि वायरमनने बोर्ड दुरुस्त करेपर्यंत वाजवायला उभे राहू नका.