चरबीवाल्या तुकड्याचं विंदालू

प्रश्न : वसईच्या बाजारातून डुकराचं पोटाचं मटण (पोर्क बेली) आणून विंदालू केलं. कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या, तरी कातडी रबरासारखी राहिली आणि वर बोटभर तेल आलं. चूक कुठे झाली? हे मटण खावं तरी किती?

उत्तर : दोन चुका आहेत. पोटाच्या मटणाला वरून तेल लागतच नाही. शिवाय कातडीतलं कोलॅजन (तिला चिवट ठेवणारं प्रथिन) मऊ व्हायला मंद आच आणि वेळ हवा. घाईच्या शिट्ट्यांत चरबी सुटते, पण कातडी चिवटच राहते.

एक किलो मटणाचे इंचभर तुकडे करा. प्रत्येकात कातडी, चरबी आणि मांस असे तिन्ही थर आले पाहिजेत. मीठ लावून कातडीची बाजू खाली ठेवत थंड पातेल्यात मांडा आणि मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. आधी बारीक चरचर होते, मग तुकडे स्वतःच्याच चरबीत परततात. तुकडे बाजूला काढा. पातेल्यात दोन चमचे चरबी ठेवून बाकीची ओतून घ्या. पातेल्यातल्या चरबीत दोन कांदे लाल करा.

मसाल्याला १२ काश्मिरी मिरच्या, १२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, १० मिरी, ४ लवंगा, दालचिनी आणि हळद घ्या. तो १०० मिली माडीच्या व्हिनेगरमध्येच वाटा, पाण्यात नको. कच्चा वास जाईपर्यंत परता. मग मटण आणि अर्धा कप गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि दीड तास शिजू द्या. कातडीत सुरी सहज शिरली की झालं. व्हिनेगरमुळे ॲल्युमिनियमचं भांडं नको, स्टील किंवा मातीचं घ्या. बटाटाही घालू नका. नावातला ‘आलू’ आपला नव्हे, तो पोर्तुगीज ‘आल्यो’ म्हणजे लसूण.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पांढरा थर चमच्याने अलगद काढता येतो, आणि आंबटपणाही मुरलेला असतो.

आता प्रमाण. १०० ग्रॅम कच्च्या बेलीत सुमारे ५१८ कॅलरी, ५३ ग्रॅम चरबी आणि जेमतेम ९ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातली संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) १९ ग्रॅमच्या आसपास. २००० कॅलरींच्या आहारात तिची दिवसाची मर्यादाच साधारण २२ ग्रॅम. म्हणून ताटात तीन-चार तुकडे, सोबत भात किंवा पाव, आणि तेही सणावारी. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर डॉक्टरांना विचारूनच. रोजच्या प्रथिनांसाठी मांडीचं कमी चरबीचं मटण बरं.

ओतून घेतलेली चरबी गाळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. बटाटे परतायला ती उत्तम.