जुनं रेकॉर्डिंग, नंतरचं रेकॉर्डिंग

अरे, एकाच गायकाचं जुनं आणि नंतरचं रेकॉर्डिंग ऐकून 'आधीचा आवाज गोड, नंतरचा थकलेला' असं बोलून लगेच मोकळा होऊ नकोस. आधी पट्टी बघ, म्हणजे गायकाचा सा कुठल्या सुरावर आहे ते, तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव. ७८ ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड, सहा टक्के जोरात फिरली तरी आवाज अर्धा स्वर चढतो, मी चोरबाजारातून आणलेल्या एका तबकडीवरून वर्षभर भलतंच सांगत फिरलो होतो. शिवाय एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गायक धावतोय असं वाटतं, नंतरच्या मैफलीत तोच मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, निवांत येतो, तिथे श्वास कुठे घेतलाय ते ऐक, शब्दाआधी की शब्द तोडून. खरी गंमत तिथेच आहे. आणि हो, लोकलमध्ये नको ऐकूस, कुर्ला आलं की तानपुरा गायब!