आजोबांची अम्बॅसिडर, मागचे पाटे आणि आरटीओचं चालान

जालन्याच्या एका भावाने विचारलंय: घरी आजोबांची २००३ ची अम्बॅसिडर आहे, इसुझूचं १.८ इंजिन. रोजच्या कामाला तीच, आणि शनिवारी रात्री शेंद्र्याकडच्या रुंद रस्त्यावर पोरांसोबत ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावर वेगाची शर्यत. क्लच सोडला की मागची चाकं थडथड उड्या मारायची, म्हणून संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्याने ४२ हजारात पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइलओव्हर, म्हणजे गोल स्प्रिंग चढवलेले शॉकअप लावले आणि लॅडर बार, म्हणजे ॲक्सल पिळू नये म्हणूनच्या दांड्या खालून वेल्ड करून दिल्या, वर व्हॉट्सअपवर लिहून दिलं की "टेन्शन नको, रोड लीगल आहे". महिनाभरात आरटीओच्या वायुवेग पथकाने धरलं, चालान हातात. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. तर चालानाचं काय, पैसे परत मिळतील का, आणि मागं नेमकं काय बसवलं तर कायद्यात बसेल?

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच लटकलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसी बुकातला तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील यात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि 'बदल' म्हणजे काय तर गाडीच्या रचनेत असा फेरफार की ज्यानं तिचं मूळ स्वरूपच बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या जयचंद्र केसमध्ये हे कलम लै कडक वाचलंय. आता आरसीवर शॉकअपचा शब्दही नसतो, त्यामुळं जुने शॉकअप काढून त्याच जागी, त्याच बोल्टवर चांगले बसवले तर त्याला रचनेतला बदल म्हणणं अवघड आहे, निदान मी तरी कोर्टात उभा राहून भांडू शकतो. पण तुमच्या गाडीत पाटेच गेले, आणि अम्बॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी आणि सांगाडा एकच, म्हणजे तुमच्या माणसाने वेल्डिंग केलं ते थेट गाडीच्या हाडालाच. याचा बचाव मी घेणार नाही, कुणी घेतो म्हणला तर फी देण्याआधी विचार करा.

उड्या का मारते ते तुम्हाला माहीत असेलच, जोर आला की मागच्या ॲक्सलचं हौसिंग चाकाच्या उलट्या दिशेनं पीळ खातं, पाट्याचा इंग्रजी एससारखा आकार होतो, सुटतो, परत होतो. त्याला पाटे काढायची गरजच नव्हती. पाट्याखाली यू-बोल्टनं आवळायचे ट्रॅक्शन बार येतात, पुढच्या टोकाला रबर असतं, ते पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ (पाटा बॉडीला अडकतो त्या कड्याजवळ) टेकतं आणि पीळ तिथंच अडतो. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, पाना घेतला की तासाभरात निघतात. सोबत ॲडजस्ट होणारे शॉकअप. माझा कौल यालाच, आणि तोही ट्रॅकच्या दिवशी लावून परत येताना काढायच्या बोलीवर, कारण रस्त्यावर बार दिसले तर पथकाचा माणूस बोल्ट आणि वेल्ड यातला फरक बघत बसेल याची हमी मी देत नाही.

आता शनिवारची रात्र. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर कलम १८९, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. "रस्ता अजून चालू झालेला नाही", "रात्री चिटपाखरू नसतं" हे चालत नाही, लोकांना जायचा हक्क आहे ती जागा सार्वजनिकच. विम्याचंही तेच, पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' नावाचा भाग असतो, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग सरळ वगळलेलं असतं, आणि कलम १५० मध्ये कंपनीला थर्ड पार्टीच्या दाव्यातही त्याचा बचाव घेता येतो. कुणाला उडवलं तर भरपाईची वसुली तुमच्या शेतावर येऊ शकते, फौजदारी वेगळी. हौस असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या स्पर्धेत जा, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा ड्रॅग झाल्यात.

चालानावर कलम कोणतं ते आधी बघा. १८२अ(४) असेल तर प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, म्हणून किती बदल मोजलेत तेही बघा. दंड भरून मिटत असेल तर मिटवा, पण १८९ पण लावलं असेल आणि त्या दिवशी तुम्ही साधं घरी चालला होतात तर ते मान्य करून सही करू नका, वकील गाठा. आणि दंड भरला म्हणजे गाडी पास झाली असं नाही. २००३ ची गाडी, म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २०१८ ला संपली, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आता २०२८ ला आरटीओत इन्स्पेक्टर खाली वाकून बघणार. पाटे परत बसवावेच लागतील.

गॅरेजवाल्याचं सांगायचं तर चालान गाडीमालकावरच राहतं, ते त्याच्या गळ्यात घालता येत नाही. पण त्यानं रोड लीगल सांगून पैसे घेतले, ही सेवेतली त्रुटी आहे. आधी नोटीस, मग जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथं ती करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. मागणी ४२ हजार आणि गाडी मूळ रूपात आणायचा खर्च. तो म्हणणारच की याला शर्यत लावायची होती, हे याला सगळं माहीत होतं, आणि खरं सांगू, तिथं तुमची बाजू थोडी लंगडी आहे, म्हणून तो व्हॉट्सअप मेसेज सोन्यासारखा जपा, फोन बदलू नका, मेसेज पुराव्यात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि वेल्ड ग्राइंडरनं उडवायच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन चारी बाजूंनी फोटो काढा, दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी घ्या की काय काय कापलंय, आणि जुने पाटे कुणाकडं आहेत ते आजच विचारा, भंगारात गेले असतील तर त्यांची किंमतही नोटिशीत धरावी लागेल.