लॉग बघायच्या कमांड-लाइन टूलमध्ये ठरावीक सर्व्हिस निवडायची सोय कशी करावी?

तुमचं टूल पायथॉनमध्ये, आर्गपार्स (कमांड-लाइनचे ऑप्शन वाचणारी पायथॉनची लायब्ररी) वापरून लिहिलेलं आहे, सगळ्या सर्व्हिसेसचे लॉग एकत्र दाखवतं आणि आता त्यातल्या एक-दोनच निवडता यायला हव्यात, असा प्रश्न आहे. ऑप्शन जोडणं दोन ओळींचं काम. डोकं लागतं ते फिल्टर नेमका कुठे लावायचा, यात.

शेवटच्या इतक्या ओळी दाखवा, अशी सोय तुमच्याकडे असणारच. आधी सगळ्या लॉगच्या शेवटच्या ५० ओळी घेऊन मग त्यातून, समजा, पेमेंट सर्व्हिसच्या वेचल्या, तर एखादी बडबडी सर्व्हिस पन्नासही जागा अडवून बसते आणि पेमेंटची एकही ओळ दिसत नाही. म्हणून आधी सर्व्हिस, मग मोजणी. जर्नलसीटीएल या लिनक्सच्या लॉग दाखवणाऱ्या टूलला -यू (युनिट, म्हणजे सर्व्हिस) आणि -एन (ओळींची संख्या) एकत्र दिले की त्या युनिटच्याच शेवटच्या ओळी मिळतात, तसंच.

नाव पूर्ण ओळीत शोधू नका, सर्व्हिसच्या फील्डशी तंतोतंत जुळवा. नाहीतर 'ऑथ' मागितलं की 'ऑथला विनंती पाठवली' म्हणणाऱ्या दुसऱ्याच सर्व्हिसच्या ओळी येतील. स्टॅक ट्रेस म्हणजे एरर कुठून आली ते दाखवणारी अनेक ओळींची नोंद, तिच्या खालच्या ओळींवर नाव नसतंच. त्या आधीच्या ओळीला जोडाव्या लागतात, आणि हे लॉग एकमेकांत मिसळण्यापूर्वीच करा.

ऑप्शनसाठी ॲक्शन 'अपेंड' ठेवा, म्हणजे --सर्व्हिस पुन्हा पुन्हा देता येतं. एनआर्ग्जमध्ये (ऑप्शनमागे किती नावं घ्यायची ते ठरवणारी सेटिंग) अधिक चिन्ह, म्हणजे 'एक किंवा जास्त', देऊ नका, ते पुढचं फाइलचं नावही गिळतं. डीफॉल्ट नन (पायथॉनमधलं 'काहीच नाही') असू द्या आणि त्याचा अर्थ 'सगळ्या' असा धरा. डीफॉल्टला 'सगळ्या' असलेली यादी दिलीत, तर वापरणाऱ्याने दिलेलं नाव अपेंड त्याच यादीत जोडतं आणि फिल्टर लागतच नाही. डॉकर कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं टूल) आपल्या लॉग्ज कमांडमध्ये सर्व्हिसची नावं थेट, ऑप्शनशिवाय घेतं. सुटसुटीत आहे, पण तुमचं टूल फाइलची नावंही तशीच घेत असेल तर गोंधळ होईल.

आता चुकीचं नाव. अस्तित्वातच नसलेल्या युनिटचं नाव दिलं तरी जर्नलसीटीएल नुसतं 'नोंदी नाहीत' म्हणतं. मला हे पटत नाही. रात्री घाईत नाव चुकीचं टाइप करणारा माणूस रिकामा स्क्रीन बघून सगळं ठीक आहे असं समजतो. नाव ओळखीचं नसेल तर उपलब्ध नावांसह एरर द्या, स्टँडर्ड एररवर (एररसाठीचा वेगळा आउटपुट), एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा) २ ठेवून. आर्गपार्सही चुकीच्या वापराला तोच देतं. नावांची यादी मात्र लॉगमधूनच काढा, चालू प्रोसेसमधून नको. बंद पडलेल्या सर्व्हिसचेच लॉग लोकांना जास्त लागतात.

एकच सर्व्हिस निवडली तरी ओळीच्या सुरुवातीचं नाव काढू नका. आउटपुट ऑकला (ओळीतले कॉलम वेगळे करणारं टूल) पाइप करणाऱ्या स्क्रिप्टचे कॉलम सरकतात. नकोच असेल त्याच्यासाठी डॉकर कंपोझसारखा वेगळा ऑप्शन द्या.