ससून हॉस्पिटल, ससून डॉक, ससून लायब्ररी: हे ससून एकच का? ते इंग्रज होते का?

इंग्रज नव्हते. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू. चाळिशीत, घरदार सोडून, बायकोमुलांना घेऊन ते मुंबईला आले. पुण्याचं हॉस्पिटल आणि काळ्या घोड्याजवळची लायब्ररी यांच्यामागे त्यांची देणगी आहे. कुलाब्याचा डॉक मात्र त्यांच्या थोरल्या मुलाने बांधला. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच. पण नावापलीकडे हा माणूस फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1792 चा, बगदादचा. घराणं तिथलं मोठं. वडील पाशांच्या, म्हणजे तिथल्या तुर्की सुभेदारांच्या, दरबारी मुख्य खजिनदार होते आणि ज्यू समाजाचे प्रमुखही. पुढे दाऊद पाशाच्या अमलात पैशांसाठी छळ सुरू झाला, डेव्हिड यांना कैद झाली. वडिलांनी पैसे भरून मुलाला सोडवलं आणि लगेच शहराबाहेर काढलं. कपड्यांच्या अस्तरात मोती शिवून ते रातोरात निघाले, असं सांगतात. मोत्यांचं खरंखोटं असो, बसऱ्यामार्गे ते इराणच्या बुशहर बंदरात पोचले एवढं नक्की. म्हातारे वडील मागाहून तिथे आले आणि तिथेच वारले. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर एका पिढीत सुटलं. या माणसाने पुढे आयुष्यभर कुटुंब इतकं घट्ट धरून का ठेवलं, ते मला वाटतं इथेच कळतं.

1832 मध्ये ते मुंबईला आले. वेळ चांगली साधली गेली, कारण पुढच्याच वर्षी चीनच्या व्यापारातली ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी कायद्याने संपली. अरबी, हिब्रू, तुर्की, फारसी त्यांना येतच होती, हिंदुस्तानी इथे शिकले. इंग्रजी मात्र त्यांनी कधी आपलीशी केली नाही. 1853 मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, तेव्हा त्या कागदावर त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत. मला तो कागद त्यांच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोलाचा वाटतो.

पहिली पत्नी हाना बगदादलाच वारली, दुसरी पत्नी फर्हा. दोघींचे मिळून आठ मुलगे. या मुलांच्या जोरावरच पेढी वाढली. 1844 मध्ये दुसरा मुलगा इलायस चीनला गेला. मग हाँगकाँग, शांघाय, 1858 मध्ये लंडन. महत्त्वाच्या प्रत्येक ठिकाणी घरचा मुलगा. आणि त्यांच्यात रोजच्या पत्रांचा राबता. ही पत्रं अरबीत, पण हिब्रू लिपीत. बाहेरच्याच्या हाती पडली तरी त्याला एक अक्षर लागायचं नाही, म्हणजे धंद्याचं गुपितही राखलं जायचं आणि घरची भाषाही टिकायची. बगदादहून आलेल्या कित्येक ज्यू कुटुंबांना त्यांनी पेढीत नोकऱ्या दिल्या, त्यांच्या मुलांच्या शाळेची सोय केली.

आता न सांगून चालणार नाही अशी गोष्ट. या संपत्तीत कापूस आणि कापड होतं तशीच अफूही होती. माळव्याची अफू मुंबईहून जहाजांनी चीनला जायची आणि ससून घराणं या व्यापारातलं मोठं नाव झालं. तेव्हा तो धंदा कायदेशीर होता आणि मुंबईतल्या इतरही नामवंत घराण्यांनी त्यात पैसा कमावला, हे खरं. पण चीनमधल्या ज्या घरांची त्या अफूने धूळधाण केली, तीही कुटुंबंच होती. डेव्हिड यांच्याबद्दल आदर वाटतो असं मी म्हणतो तेव्हा हे विसरून म्हणत नाही, आणि कोणी विसरूही नये.

दानधर्म मात्र त्यांनी भरभरून केला आणि तो जातधर्म पाहून केला नाही. पुण्यातलं निराधार, अपंग, वृद्धांसाठीचं ‘निवारा’ हे त्यांच्याच देणगीतून सुरू झालेलं. वाट चुकलेल्या मुलांसाठी मुंबईत सुधारगृह. भायखळ्यात मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. त्यांचा भायखळ्याचा बंगला म्हणजेच आजचं मसीना हॉस्पिटल. काळ्या घोड्याजवळच्या लायब्ररीत गेलात तर त्यांचा संगमरवरी पुतळा नीट पाहा: डोक्याला फेटा, लांब दाढी, पायघोळ अरबी झगा. साहेबी पोशाखाचा मागमूस नाही. मुलं मात्र बदलली. थोरला अब्दुल्ला पुढे सर अल्बर्ट झाला आणि लंडनला स्थायिक झाला. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी सिगफ्रीड ससून हा डेव्हिड यांचा पणतू.

नोव्हेंबर 1864 मध्ये डेव्हिड ससून पुण्यात वारले. लष्कर भागातलं लाल विटांचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, त्याच्याच आवारात त्यांची समाधी आहे. हे सिनेगॉग आणि हॉस्पिटल, दोन्ही 1867 मध्ये पुरी झाली. दोन्हींचा आराखडा एकाच माणसाचा, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचा. दोन्ही वास्तू उभ्या राहिलेल्या पाहायला डेव्हिड नव्हते.

त्याच 1867 मध्ये घर फुटलं. पेढीची सूत्रं थोरल्या अब्दुल्लाकडे गेली होती. चीनमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला इलायस बाहेर पडला आणि त्याने ई. डी. ससून ही स्वतःची पेढी काढली. भावाभावांत स्पर्धा लागली, मुंबईत दोघांच्याही गिरण्या उभ्या राहिल्या. वडील असते तर हे झालं नसतं असं मला वाटतं, पण आठ कर्तबगार मुलगे एका छपराखाली किती दिवस राहणार, हाही प्रश्न आहेच.

तुम्ही विचारलेला डॉक अब्दुल्लाचा, म्हणजे अल्बर्टचा, 1875 चा. ज्या घोड्याच्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो पुतळाही त्यानेच शहराला दिला. आता तो राणीच्या बागेत आहे. आणि फोर्टातलं केनेसेथ इलियाहू सिनेगॉग मात्र दुसऱ्या शाखेचं. ते 1884 मध्ये इलायसच्या मुलाने, जेकबने, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं.