टोरोंटोत नगरसेवक व्हायचं असेल तर काय करावं लागतं, आणि त्यात करिअर होतं का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे: तिथे उभं कसं राहायचं, आणि निवडून आल्यावर पुढे काय. टोरोंटोपुरतं सांगतो, कारण कॅनडात पालिका निवडणुकीचे नियम प्रांताप्रांतात बदलतात.

वय १८, कॅनडाचं नागरिकत्व, आणि शहरात घर (स्वतःचं किंवा भाड्याचं) एवढं हवं. पीआर कार्डावर (म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर) उभं राहणं सोडाच, मतसुद्धा देता येत नाही. ज्या वॉर्डातून लढायचं तिथेच राहायला हवं असंही नाही. पक्षाचं तिकीट ही भानगड टोरोंटोत नाही, मतपत्रिकेवर फक्त नावं असतात. २०२६ची निवडणूक २६ ऑक्टोबरला आहे आणि अर्जाची मुदत २१ ऑगस्टला दुपारी २ वाजेपर्यंत. अर्जासोबत १०० डॉलर आणि २५ मतदारांच्या सह्या द्यायच्या. मंडळातल्या पीआरवाल्या मित्राची सही इथे कामाची नाही.

लोक अडकतात ते पैशात. अर्ज भरण्याआधी प्रचारासाठी एक डॉलरही घ्यायचा किंवा खर्चायचा नाही. नंतरही आधी प्रचाराच्या नावाने वेगळं बँक खातं, मगच देणगी. एका माणसाकडून जास्तीत जास्त १,२०० डॉलर, तोही ऑन्टारियोचा (टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्याचा) रहिवासी हवा. २५ डॉलरच्या वर रोख चालत नाही. कंपनीकडून काहीच नाही. म्हणजे ओळखीच्या प्रेसवाल्याने पत्रकं फुकट छापून दिली, तर ती बाजारभावाने कंपनीची देणगी ठरते आणि तुम्ही गोत्यात. तोच माणूस संध्याकाळी तुमच्याबरोबर दारोदार फिरला तर चालतं, कारण विनामोबदला श्रम देणगीत धरत नाहीत. खर्चाची मर्यादा ५,००० डॉलर अधिक प्रत्येक मतदारामागे ८५ सेंट. ७०,००० मतदारांच्या वॉर्डात हे ६४,५०० डॉलर होतात. ही मर्यादा ओलांडली किंवा हिशेब सादरच केला नाही तर जिंकलेली जागाही जाते. म्हणून हिशेबनीस पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.

२०१८ साली प्रांत सरकारने ऐन निवडणुकीच्या तोंडावर वॉर्ड २५ केले, त्याआधी ४४ होते. एवढ्या मोठ्या वॉर्डात नाव माहीत असणं हेच निम्मं काम, म्हणून बसलेला नगरसेवक सहसा हलत नाही. माझं मत विचाराल तर तो पुन्हा उभा राहत नसेल किंवा पोटनिवडणूक लागली असेल, तेव्हाच उतरा. २०२२ मध्ये मतदान जेमतेम ३० टक्के झालं होतं, त्यामुळे मागच्या वेळी मत दिलेल्यांची दारं आधी वाजवा.

आता काम. आपल्याकडचा ‘नगरसेवक निधी’ डोक्यातून काढा, तो तिथे नाही. वॉर्डातले स्पीड ब्रेकर, पार्किंगच्या पाट्या असले विषय कम्युनिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे शहराच्या चार भागांसाठीच्या नगरसेवकांच्या समित्यांपैकी तुमच्या भागाच्या समितीत, मार्गी लागतात. खरी डोकेदुखी नव्या उंच इमारतींची. शेजारी विरोध करतात, तुम्ही ‘नाही’ म्हणून मत देता, बिल्डर ऑन्टारियो लँड ट्रायब्युनलकडे (बांधकामाच्या वादांवर अपील ऐकणाऱ्या प्रांताच्या लवादाकडे) जातो. पालिकेच्याच नियोजन खात्याचा अहवाल ‘मंजूर करा’ म्हणत असेल, तर पालिकेला बाजू मांडायला बाहेरचा तज्ज्ञ पैसे देऊन आणावा लागतो, आणि बहुतेकदा हारच होते. त्यामुळे तो अहवाल मतदानाआधी वाचणारा नगरसेवक वेगळाच ओळखू येतो. भरीला २०२२पासून महापौरांकडे ‘स्ट्राँग मेयर’ अधिकार आहेत: बजेट तेच मांडतात, आणि त्यांचा व्हेटो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात.

पगार २०२५च्या वाढीनंतर वर्षाला सुमारे १,७०,००० डॉलर, मुदत चार वर्षं. लहान गावांत मात्र हे अर्धवेळ काम आणि तुटपुंजं मानधन, तिथे नोकरी सोडू नका.

पुढची वाट सरळ नसते. टोरोंटोच्या ऑलिव्हिया चाऊ १९८५ला स्कूल ट्रस्टी (शाळा मंडळाच्या निवडून आलेल्या सदस्य) झाल्या, मग नगरसेविका, खासदार. २०१४ला महापौरपद हरल्या आणि २०२३ला जिंकल्या. अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरात बस चालवणारे अमरजीत सोही २००४ला पडले, २००७ला नगरसेवक झाले, २०१५ला खासदार आणि केंद्रीय मंत्री, २०१९ला पुन्हा पडले, आणि २०२१ला महापौर होऊन त्याच पालिकेत परतले.